खारकिव्हची डिग्री, तिबिलिसीचे वॉर्ड: युद्धात अडकलेलं एमबीबीएस पूर्ण करताना

जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल युद्ध पेटलं आणि भारत सरकारच्या ‘ऑपरेशन सिंधू’ या मोहिमेने इराणमध्ये शिकणारी भारतीय मुलं परत यायला लागली. त्यांतल्या काहींचे, काहींच्या आईवडिलांचे फोन ओळखीपाळखीतून माझ्यापर्यंत पोहोचले. सगळ्यांचा प्रश्न एकच, आता शिक्षणाचं काय? युक्रेनमधल्या युद्धामुळे मी एमबीबीएस अर्धवट टाकून परतले तेव्हापासून, म्हणजे मार्च २०२२ पासून, आमच्या घरात हा प्रश्न ठाण मांडून बसला होता. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते. नियम बदलत राहतात, तेव्हा तुमच्या वेळचं पत्रक स्वतः वाचाच, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. माझ्याही.

मी २०१८ ची नीट पात्र झाले, पण सरकारी कॉलेज मिळेल इतके गुण नव्हते आणि खासगी कॉलेजची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. एका कॉन्ट्रॅक्टरमार्फत युक्रेनमधल्या खारकिव्हला प्रवेश घेतला. युक्रेनमध्ये शिकणारी मुलं एजंटला कॉन्ट्रॅक्टरच म्हणतात. फी वर्षाला साडेचार हजार डॉलरच्या आसपास, होस्टेल वेगळं, कोर्स सहा वर्षांचा. तिसऱ्या वर्षाअखेर क्रॉक-१ ही तिथली राष्ट्रीय परीक्षा असते, ती २०२१ मध्ये सुटली. चौथं वर्ष निम्मं सरलं होतं आणि वॉर्डात उभं राहिल्यावर समोर काय चाललंय ते नुकतं कुठे कळायला लागलं होतं.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने हल्ला केला, स्फोटांनीच जाग आली. पुढचे दिवस होस्टेलच्या तळघरात काढले. १ मार्चला कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला, आमच्याच शहरात मेडिकल शिकणारा एक मुलगा तोफमाऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाची सूचना आली: खारकिव्ह ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्का गाठा, वाहन नसेल तर पायी निघा. आम्ही पिसोचिनपर्यंत चालत गेलो. तिथून बस, मग पश्चिमेची सीमा, मग ‘ऑपरेशन गंगा’ या भारत सरकारच्या सुटका मोहिमेचं विमान. त्या प्रवासाबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी इथेच थांबते. एवढं मात्र सांगते की पाठीवरच्या बॅगेत पासपोर्ट, तिथला रहिवासी परवाना, लॅपटॉप आणि झाचोत्का होती. झाचोत्का म्हणजे प्रत्येक विषयाचे गुण आणि शिक्षकांच्या सह्या असलेली छोटी वही. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका मात्र डीन ऑफिसच्या कपाटात राहिल्या, कारण प्रवेशाच्या वेळी त्या जमा करून घेतलेल्या होत्या.

घरी पोहोचल्यावर पहिले काही दिवस मी नुसती झोपले. मार्च संपायच्या आत टेलिग्रामवर आमच्या गटाच्या क्युरेटर, म्हणजे गट सांभाळणाऱ्या शिक्षिका, त्या मॅडमचा मेसेज आला, सोमवारपासून वर्ग सुरू, झूमवर. मला रडू आलं. ज्यांच्या शहरावर रोज रॉकेटं पडत होती ती माणसं आमचं वेळापत्रक लावत होती.

युक्रेनचे सकाळचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात आपले अकरा, हिवाळ्यात बारा. वर्ग चार-पाच तास चालायचा. मेडिसिनच्या मॅडम पोल्ताव्हा या दुसऱ्या शहरात नातेवाइकांकडे होत्या, सर्जरीचे सर खारकिव्हमध्येच. मधेच त्यांच्या फोनमधलं हवाई हल्ल्याचं अ‍ॅप वाजायचं. सर म्हणायचे, ‘अलार्म, थांबा’, आणि कॅमेरा बंद व्हायचा. आम्ही स्क्रीनकडे बघत बसायचो. कधी पंधरा मिनिटांनी परत यायचे, कधी तासाने. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजकेंद्रांवर हल्ले सुरू केल्यावर तर कुणाकडे केव्हा वीज असेल याचा नेम राहिला नाही. नोव्हेंबरमध्ये मॅडमनी अंगात जाड कोट घालून, हातात टॉर्च धरून आमची तोंडी परीक्षा घेतली. एकालाही ‘पुढच्या वेळी’ म्हणाल्या नाहीत.

तंत्रज्ञानामुळे शिक्षण तुटलं नाही, हे मी आजही ठामपणे सांगते. झूम आणि टेलिग्राम नसतं तर आमची वर्षं जागच्या जागी गेली असती. पण ते कुठवर पुरतं हेही मी पाहिलं. एकदा मॅडम हृदयाचे आवाज शिकवत होत्या. मायट्रल स्टेनोसिसचं, म्हणजे हृदयाची एक झडप अरुंद झाल्यावर येणाऱ्या आवाजाचं, रेकॉर्डिंग लावलं, त्या म्हणाल्या ऐका, आणि आम्हाला काहीच ऐकू येईना. पुन्हा लावलं, तरी नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की झूम आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळतं, आणि मर्मर, म्हणजे हृदयाचा तो जादा आवाज, त्याला गोंगाटच वाटतो. सेटिंग बदलल्यावर लॅपटॉपच्या स्पीकरमधून एक अस्पष्ट घरघर आली. त्या दिवशी वहीत आकृती काढली, मर्मरची वेळ लिहिली, परीक्षेत बरोबर उत्तरही दिलं. पण हा आवाज खऱ्या छातीवर ओळखता येईल याची मला खात्री नव्हती, आणि डॉक्टर व्हायचं तर ती खात्रीच लागते.

म्हणून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, नुसत्या ऑनलाइन शिक्षणाला मान्यता देत नाही हे कळलं तेव्हा राग आला तरी त्यामागचं कारण पटत होतं. खरी अडचण वेगळीच होती. वॉर्ड पाहिजे म्हणणाऱ्या नियमाकडे आमच्यासाठी वॉर्ड नव्हता.

२०२२ चा उन्हाळा पत्रकं वाचण्यात गेला. ४ मार्चचं पत्रक होतं डिग्री झालेल्यांसाठी, ज्यांची परदेशातली इंटर्नशिप करोना किंवा युद्धामुळे अर्धी राहिली होती. २८ जुलैचं शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी: ३० जूनपर्यंत डिग्री मिळाली असेल तर एफएमजीई (परदेशात एमबीबीएस केलेल्यांची भारतातली पात्रता परीक्षा) देता येईल, पण इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची. आम्ही चौथ्या वर्षाचे, कुठेच बसत नव्हतो. भारतातल्या कॉलेजांत सामावून घ्या म्हणून पालकांनी आंदोलनं केली, सुप्रीम कोर्टात याचिका गेल्या. सप्टेंबरमध्ये केंद्राने कोर्टाला सांगितलं की कायद्यात तशी तरतूदच नाही. बाबा त्या दिवशी बराच वेळ बोलले नाहीत. मला तोवर वाटायचं की शिक्षणाचा हक्क म्हणजे सगळ्यांना, सगळ्या शिक्षणाचा. आपल्या घटनेतलं कलम २१-अ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरतं आहे. आंतरराष्ट्रीय करारांत उच्च शिक्षण गुणवत्तेनुसार सर्वांना खुलं असावं असं लिहिलंय, पण युद्धातून पळून आलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने ते कुठल्या खिडकीवर दाखवायचं हे कुठे लिहिलेलं नाही. ते लिहिलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

वाट निघाली ती ६ सप्टेंबर २०२२ च्या पत्रकातून. युक्रेनने देऊ केलेल्या ‘अ‍ॅकॅडेमिक मोबिलिटी’ला एनएमसीने हरकत नसल्याचं कळवलं. आमच्यासारख्या जुन्या प्रवेशांना संपूर्ण कोर्स एकाच विद्यापीठातून करायची अट होती, ती या बाबतीत आड येणार नव्हती. मोबिलिटीत तुम्ही दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकता, पण नाव मूळ विद्यापीठातच राहतं आणि डिग्रीही तेच देतं. ट्रान्सफर म्हणजे नाव कटून दुसरीकडे जाणं. दोन्हींतला फरक नीट समजून घ्या, कारण त्या दिवसांत कॉन्ट्रॅक्टर लोक दोन्हींना एकाच नावाने विकत होते. आम्हालाही एकाने तीन लाखांत ‘सगळं करून देतो’ सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, डिग्रीवर नाव कुणाचं असेल ते लेखी द्या. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. इराणहून आलेल्यांनाही हेच सांगते: तुमच्यासाठी जी काही सोय निघेल त्यात डिग्री कोण देणार हे आधी विचारा, बाकीचं नंतर.

मी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी निवडली. इंग्रजीतून शिकवणारी विद्यापीठं, हॉस्पिटलला जोडलेले वर्ग आणि युरोपच्या मानाने कमी फी, एवढंच कारण. मग कागदांचा सिलसिला सुरू झाला. मूळ विद्यापीठाकडून शिकलेल्या विषयांचं, तासांचं आणि क्रेडिटचं प्रमाणपत्र. दोन्ही विद्यापीठं आणि मी असा तिघांचा करार. आणि तिकडे कोणते विषय शिकायचे, ते इकडे कोणत्या विषयाच्या बदल्यात धरायचे याचा तक्ता. तक्त्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. तिबिलिसीत जो विषय सहाव्या वर्षी तो खारकिव्हला पाचव्या वर्षी, तास जुळत नाहीत, नावं जुळत नाहीत. डीन ऑफिसला ईमेल केला की उत्तराला कधी आठ दिवस, कधी तीन आठवडे. वीज असेल तेव्हाच ते काम करू शकत होते, म्हणून मी एका ईमेलमध्ये एकच प्रश्न आणि विषयाच्या ओळीत नाव, वर्ष, गट क्रमांक लिहायला लागले. उत्तरं लवकर यायला लागली. फोनवर मिळालेलं आश्वासन मी ईमेलने परत पाठवून ‘असं ठरलं आहे, बरोबर ना?’ असं विचारत असे. पुढे ते ईमेल फार कामी आले.

पैशांचं सांगते. शैक्षणिक कर्जाचा पुढचा हप्ता बँकेने रोखला, कारण मंजुरी खारकिव्हच्या नावाने होती. तिघांचा करार आणि एनएमसीचं पत्रक दोन्ही जोडून बाबांनी शाखेत अर्ज दिला. हप्ता सुटायला हिवाळा संपत आला. तोवर मामांनी पैसे उसने दिले. तिबिलिसीत सेमिस्टरला अडीच हजार डॉलरच्या पुढे फी पडली, शिवाय मूळ विद्यापीठाची सवलतीतली फी चालूच. खोल्यांची भाडी तेव्हा फार चढली होती. सैन्यभरती टाळायला रशियातून कितीतरी माणसं जॉर्जियात आली होती, त्यामुळे घरं मिळत नव्हती. चार मुलींनी मिळून दोन खोल्या घेतल्या. बजेट आखताना फीच्या जोडीला भाड्याची दोन महिन्यांची आगाऊ रक्कम, अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), भाषांतर आणि कुरिअर हे खर्च वेगळे धरा. हे किरकोळ वाटणारे खर्चच माझे लाखाच्या वर गेले.

डी-३ हा शिक्षणाचा व्हिसा मिळाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये, पाचव्या वर्षाच्या दुसऱ्या सत्राला, मी तिबिलिसीत पोहोचले.

पहिल्याच आठवड्यात मेडिसिनच्या वॉर्डात सरांनी मला एका आजींच्या पलंगाशी उभं केलं. जॉर्जियनमध्ये ‘खोल श्वास घ्या, सोडा’ एवढं मी पाठ करून गेले होते. हात चोळून गरम केला, उजव्या बरगडीखाली ठेवला. आजींनी श्वास घेतला आणि बोटांच्या कडेला काहीतरी येऊन टेकलं, गुळगुळीत, थोडं टणक, श्वासाबरोबर खाली येणारं. ती यकृताची कड होती. वर्षभर स्क्रीनवर त्याचे व्हिडिओ पाहिले होते, गुण मिळवले होते. सर म्हणाले, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. आजी माझ्याकडे बघून हसल्या आणि काहीतरी बोलल्या, ते मला कळलं नाही. स्टेथोस्कोपने मर्मर ऐकायला मात्र पुढचे कितीतरी आठवडे गेले.

ऑनलाइन झालेल्या विषयांचे प्रत्यक्ष तास भरून काढायचे होते. खारकिव्हला कुणी वर्गाला गैरहजर राहिलं की नावापुढे ‘एनबी’ लागायचा आणि शिक्षकांकडे जाऊन तो वर्ग भरून द्यावा लागायचा, त्याला ओत्राबोत्का म्हणतात. तिबिलिसीतल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची एक मोठी ओत्राबोत्काच झाली. बाकीचे घरी गेले, आम्ही हॉस्पिटलला. मी प्रत्येक पोस्टिंगची तारीख, विभाग, तास आणि शिक्षकांची सही एका डायरीत घेत गेले, आणि सत्र संपलं की त्याचंच शिक्क्याचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून मागून घेतलं. सगळं झाल्यावर मागू म्हणणाऱ्या मैत्रिणींना नंतर शिक्षक शोधत फिरावं लागलं.

याच काळात बाहेर बऱ्याच गोष्टी घडत होत्या. २८ मार्च २०२३ ला केंद्राने सुप्रीम कोर्टात सांगितलं की परत आलेल्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलांना एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेचे दोन्ही भाग भारतात, कॉलेजात प्रवेश न घेता, एकाच संधीत देता येतील, आणि नंतर दोन वर्षांची इंटर्नशिप. एप्रिलमध्ये युक्रेनच्या परराष्ट्र खात्याच्या उपमंत्री एमिने झापारोव्हा दिल्लीत आल्या आणि त्यांची राज्य पात्रता परीक्षा विद्यार्थ्यांना आपापल्या देशातून देता येईल असं सांगितलं गेलं. मलाही ती युक्रेनला न जाता देता आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खारकिव्हने शाळेच्या मुलांचे वर्ग मेट्रो स्टेशनांत सुरू केले. आम्ही ज्या मेट्रोने कॉलेजला जायचो तिथे जमिनीखाली पहिलीची मुलं अक्षरं गिरवत होती. मे २०२४ मध्ये तर शहराने जमिनीखाली शाळाच बांधली. ते फोटो मी वॉर्डमधून सुटल्यावर बघत बसायचे. कंटाळा आला, घरी जावंसं वाटलं, की ते फोटो मला पुन्हा उठवायचे.

जून २०२४ मध्ये सहावं वर्ष संपलं. डिग्री खारकिव्हची, म्हणून डिप्लोमा तिथे छापला गेला, त्याला युक्रेनच्या शिक्षण मंत्रालयाचं अपोस्टिल लागलं. मी तिथे नसल्याने एका सीनियर ताईच्या ओळखीतल्या अनुवादक बाईंच्या नावे मुखत्यारपत्र केलं. त्यांनी डिप्लोमा उचलला, अपोस्टिल केला आणि पोलंडमार्गे कुरिअरने पाठवला. पाकीट सप्टेंबरमध्ये आलं. आत डिप्लोमासोबत दहावी-बारावीच्या माझ्या मूळ गुणपत्रिकाही होत्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कोपरा न दुमडलेला. डीन ऑफिसमधल्या कुणीतरी कपाटातून शोधून दिल्या होत्या. मुखत्यारपत्रात ‘डिप्लोमा’ इतकंच न लिहिता ‘माझी सर्व मूळ कागदपत्रं’ असं लिहिलं होतं म्हणून त्या देता आल्या. हे शब्द तुमच्याही मुखत्यारपत्रात घाला.

एफएमजीईचं थोडक्यात. तीनशे प्रश्न, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकी अडीच तास, उत्तीर्ण व्हायला दीडशे गुण, चुकीला गुण वजा नाहीत. फॉर्मची फी ६,१९५ रुपये. डिग्री अपोस्टिल केलेली किंवा दूतावासाने साक्षांकित केलेली लागते, आणि डिप्लोमावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. माझ्या आडनावात युक्रेनियन लिपीतून परत येताना एक अक्षर बदललं होतं, त्यासाठी प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं. डिसेंबर २०२४ च्या सत्राची परीक्षा १२ जानेवारी २०२५ ला झाली. मी पास झाले. आईने देवापुढे साखर ठेवली आणि पहिला फोन मामांना केला.

परीक्षेनंतर राहिली होती डॉक्टर म्हणून नोंदणी आणि इंटर्नशिपची मुदत. एनएमसीच्या जून २०२४ च्या पत्रकाप्रमाणे ऑनलाइन वर्गांच्या बदल्यात पुरेसे प्रत्यक्ष वर्ग केलेल्यांना एक वर्षाची इंटर्नशिप, बाकीच्यांना दोन किंवा तीन वर्षांची. माझी डायरी, सत्रांची प्रमाणपत्रं, तिघांचा करार, डीन ऑफिसचे ईमेल, सगळं क्रमाने लावून एका फाइलमध्ये दिलं. छाननीत चौथ्या वर्षाच्या काही विषयांचे तास कमी भरले आणि मला दोन वर्षं लागली. वाईट वाटलं. माझ्याच गटातल्या, माझ्याइतकंच शिकलेल्या एकीला कागद अपुरे म्हणून तीन वर्षं लागली, त्याचं जास्त वाटलं. तिने केलेले तास खोटे नव्हते, तिच्याकडे सह्या नव्हत्या. युद्धातून आलेल्या मुलांचे तास मोजताना त्यांच्या शिक्षकांना थेट विचारायची काहीतरी सोय असायला हवी, ईमेल तर सगळ्यांकडेच आहे.

परदेशात शिकलेल्यांसाठी कॉलेजातल्या इंटर्नशिपच्या जागा एकूण जागांच्या साडेसात टक्के असतात, त्यामुळे हवं ते कॉलेज मिळेलच असं नाही. मला घरापासून लांबचं मिळालं, पण मिळालं. या इंटर्नशिपसाठी कॉलेजने फी घ्यायची नाही असं ४ मार्च २०२२ च्या पत्रकातच आहे. कुणी मागितली तर ते पत्रक पुढे करा.

सध्या माझी पोस्टिंग बालरोग विभागात आहे. रात्रपाळी असली की मेसेजला उत्तर द्यायला उशीर होतो, समजून घ्या. आणि इराणहून आलेल्यांनो, तुमच्या मूळ गुणपत्रिका तिकडे अडकल्या असतील तर वाट बघत बसू नका. राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयात दुय्यम प्रतीचा अर्ज आत्ताच टाका. माझ्या मैत्रिणीने तो नोंदणीच्या तोंडावर टाकला आणि तेवढ्यासाठी तिची फाइल महिनाभर थांबली.